एडवणचे लाकडी घर आणि त्याचे मोल

जुने घर मोडायचे ठरले की पालघरच्या किनाऱ्यावर सर्वांत आधी दारात येतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. तो घराभोवती फेरी मारत नाही, सरळ माळ्यावर चढतो. तुळयांना टेप लावतो, खांबाचा पाय टोकरून पाहतो, आढ्याची लांबी मोजतो आणि घनफुटाचा दर सांगतो. चौकटींचा भाव वेगळा, ओटीच्या कठड्याचा वेगळा, कौलांचा शेकड्यावर. या सगळ्यांतून मिळून जे घर उभे असते, त्याला मात्र भाव नाही. एडवण, मथाणे, उसरणी, केळवे, माहीम, पुढे तारापूर-चिंचणी या पट्ट्यातल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या लाकडी घरांच्या वारसामूल्याचा विचार मला या व्यापाऱ्यापासूनच सुरू करावासा वाटतो. कारण त्या घरांची किंमत रोखीत सांगणारा आज तो एकटाच आहे.

ही घरे बांधली जात होती तेव्हा, १९०१ ते १९१० या काळात, इंग्लंडच्या गादीवर राजा सातवा एडवर्ड होता. त्या सुमाराच्या घरांना एडवर्डकालीन म्हणतात. खुद्द इंग्लंडमध्ये ती बहुतेक विटांची आहेत. लाकडाची पाहायची तर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला किंवा न्यूझीलंडमध्ये जावे लागते. तिथे शहराबाहेर वाढलेल्या वस्त्यांमध्ये व्हरांड्याची, नक्षीदार फळ्यांची, उतरत्या छपरांची हजारो लाकडी घरे उभी राहिली. ब्रिस्बेन महापालिकेने ठरावीक भागांत १९४६ किंवा त्यापूर्वीचे घर परवानगीशिवाय पाडू न देण्याचा नियम केला आहे. त्यातले एकेक घर फार थोर आहे असा तिथेही कोणाचा दावा नाही. मोल आहे ते साऱ्या आळीचे. ही गोष्ट आपल्याकडे अजून नीट रुजलेली नाही. आपण वारसा म्हटले की एकटी, देखणी, नाव असलेली वास्तू शोधतो.

आपल्या किनाऱ्यावर तो काळ कसा होता? सुरतेकडून आलेली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची रेल्वे १८६४ मध्ये मुंबईत पोहोचली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा-उजेडाची चर्चा घरबांधणीत शिरली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौले गलबतांतून बंदरोबंदरी उतरत होती. बर्मी साग मुंबईच्या वखारींत येत होता. मुंबईत नोकरी किंवा व्यापार करून चार पैसे गाठीला लावणारा उत्तर कोकणातला माणूस गावी घर बांधायला काढी, तेव्हा हे सगळे त्याच्या आवाक्यात आलेले होते. म्हणून या घरांत दोन गोष्टी एकत्र दिसतात. सांगाडा पिढ्यान्‌पिढ्यांचा, इथल्या सुताराच्या हातचा. अंगावरचे दागिने मात्र नव्या जमान्याचे: पागोळीखालची कातीव लाकडी झालर, खिडक्यांच्या वरच्या भागातल्या रंगीत काचा, बिडाचे गज, कारखान्यातली कौले. गिरगावातल्या खोताच्या वाडीत आणि वसईच्या गावांमध्येही हाच मेळ दिसतो.

लोकांना दागिने आवडतात आणि छायाचित्रेही त्यांचीच निघतात. माझ्या मते घराचे खरे मोल सांगाड्यात आहे.

तो सांगाडा कसा उभा राहतो ते पाहण्यासारखे आहे. आधी दगडी जोते. त्यावर प्रत्येक खांबाखाली एक घडीव दगड, तळखडा. खांब जमिनीत पुरायचा नाही, तळखड्यावर टेकवायचा, म्हणजे जमिनीची ओल थेट लाकडात चढत नाही. खांबांच्या डोक्यावर तुळया, तुळयांवर माळ्याची पाटणी. मधल्या उंच खांबांवर आढे, आढ्यापासून भिंतीकडे उतरणारे वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौले. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि आजूबाजूचे लाकूड फोडतो. खुंटी तसे करत नाही. भिंती विटांच्या असोत, मातीच्या असोत वा कुडाच्या, छपराचा भार त्यांच्यावर नसतोच. भिंत पडली तरी छप्पर उभे राहते. घर खणांनी मोजायचे, त्यामुळे कुटुंब वाढले की एक खण वाढवता येतो आणि बाजूला पडवी काढता येते.

या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती सुटी करता येते. खांबाचा पाय कुजला तर तुळईला टेकू देऊन तेवढाच भाग कापायचा आणि नवा तुकडा सांधायचा. एखाद्या वाशाला वाळवी लागली तर तेवढाच वासा बदलायचा. पावसाळ्याआधी कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून शाकारणी करायची, आणि ती करताना दरवर्षी सगळे लाकूड डोळ्यांखालून जायचे. ज्या किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे लाकूड शंभर वर्षे टिकले ते या सवयीमुळे. सागाच्या अंगी तेल आहे हे खरे, पण निव्वळ तेलाने घर तगत नाही. शाकारणी बंद पडलेले सागवानी घरही काही पावसाळ्यांत आतून खचते.

सिमेंटच्या घरांशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. समुद्राजवळच्या काँक्रीटमध्ये खारी हवा मुरते, आतली सळई गंजते, गंजाने फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. वाळू खारी असेल तर हे आणखी लवकर होते. तिथे एक सळई बदलून भागत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसू लागले, माणसे रात्री घराबाहेर तंबूत झोपू लागली, तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिला नाही. सांध्यांत थोडी हालचाल सोसणारा लाकडी सांगाडा धक्का पचवतो, हे काश्मीरपासून जपानपर्यंत अनुभवाने सिद्ध झाले आहे. अटी दोनच, सांधे धड असले पाहिजेत आणि जड भिंती सांगाड्याला नीट बांधलेल्या असल्या पाहिजेत. निगा नसलेले लाकडी घर भूकंपात सुरक्षित असते असे कोणी समजू नये.

आता लाकडाच्या जन्माकडे वळतो. वारशाच्या लेखांत हा भाग बहुधा गाळला जातो आणि ते मला मान्य नाही. ठाणे जिल्ह्याच्या सागाच्या जंगलांतून लाकूड खाली किनाऱ्यावर येई. वैतरणेकाठचे मनोर हे त्या व्यापाराचे जुने ठाणे होते, भरतीच्या पाण्यावर होड्या तिथपर्यंत जात. नदीच्या मुखापासून एडवण लांब नाही. १८७८ च्या वन कायद्याने जंगले सरकारी ताब्यात घट्ट आवळली गेली. ठाण्यात असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. झाडे तोडणारे, ओढणारे हात वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी यांचे होते, आणि त्या श्रमांतला मोठा वाटा वेठीचा किंवा जवळपास फुकटचा होता. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारली उठले, तेव्हा वेठबिगारीबरोबर जंगलातल्या मजुरीचा दरही त्या लढ्याचा विषय होता. किनाऱ्यावरच्या ओटीवरचा गुळगुळीत खांब त्याच जंगलातून आला. घराच्या इतिहासात मालकाचे नाव लिहायचे तर लाकूड तोडणाऱ्याचेही स्थान लिहायला हवे. असे केल्याने घराचे मोल कमी होत नाही, ते खरे होते.

याच न्यायाने आणखी एक गोष्ट सांगावी लागते. वारसा म्हणून यादी करायला बसले की वाडवळांची, ब्राह्मणांची, सावकारांची, पारशी-इराणी बागायतदारांची मोठी घरे आपोआप वर येतात. कोळी, मांगेला आणि वैती यांची छोटी घरे यादीत येत नाहीत. पण रचना तीच, सांधे तेच. जाळी आणि बोंबील सुकवायची मोकळी जागा, अंगणाशी जोडलेली पडवी, माळ्यावर ठेवलेली होडीची सामग्री, हे सगळे त्या घरांच्या आखणीत बसवलेले आहे. होडी बांधणाऱ्या सुताराचे आणि घर बांधणाऱ्या सुताराचे ज्ञान एकमेकांच्या किती जवळचे आहे हे समजायचे तर ही छोटी घरेच पाहावी लागतील. तीच सर्वांत वेगाने जात आहेत, कारण त्यांच्या लाकडाला व्यापारी फारसे देत नाही आणि पाडायला कोणाची हरकतही नसते.

सरकार या घरांकडे कसे पाहते? योगायोगाने भारतातला प्राचीन स्मारकांच्या जतनाचा पहिला व्यापक कायदा लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ मध्ये झाला, म्हणजे ही घरे बांधली जात होती तेव्हाच. आज केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. किल्ले, लेणी, देवळे यांच्यासाठी ते ठीक आहेत. किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज कोटांना, तारापूर-शिरगावच्या किल्ल्यांना त्यांची भाषा लागू पडते. राहत्या घराला ती पेलत नाही. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण ही २०१० ची दुरुस्ती गावात लावायची म्हटली तर अख्खे गावठाण गोठेल. मुंबईने १९९५ मध्ये वेगळी वाट काढली. तिथे राहत्या इमारतींच्या श्रेणी ठरवल्या, परिसरांच्या याद्या केल्या आणि न वापरलेले बांधकामक्षेत्र विकण्याची सोय दिली. अहमदाबादच्या पोळांमधल्या लाकडी घरांनाही अशाच सवलतीचा आधार मिळाला आणि २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. पण विकायला चटईक्षेत्राचा बाजार लागतो. एडवणच्या ग्रामपंचायतीत तो कुठून आणणार?

गावातल्या सरकारी नजरा वेगळ्या आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घराचे वय वाढते तसा घसारा वाढतो. म्हणजे दप्तरात घर जितके जुने तितके कमी किमतीचे. २०२० नंतर स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. मालकी हक्काची सनद मिळणे ही फार मोलाची गोष्ट आहे, विशेषतः जिथे पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता तिथे. पण ड्रोनला दिसते ती छपराची आकृती, कौलाखालचे काहीच नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत भरतीरेषेजवळच्या पट्ट्यात अस्तित्वातल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण जोते वाढवता येत नाही. या नियमाने किनाऱ्यावर उंच इमारतींचा रेटा बराच थोपवला, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. तरी तोही राखतो ते जोत्याचे माप. त्या जोत्यावर उद्या सिमेंटची पेटी उभी राहिली तरी नियम मोडत नाही. एकाला वय दिसते, दुसऱ्याला छप्पर, तिसऱ्याला जोते. मधला सांगाडा पाहणारा पुन्हा तो लाकडाचा व्यापारीच.

आता विद्वानांच्या वादाकडे. व्हिएन्नाच्या आलोइस रीगलने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांवर एक निबंध लिहिला. काळाच्या खुणांमुळे येणारे मूल्य आणि वापरामुळे असणारे मूल्य एकमेकांशी भांडतात, हे त्याने तेव्हाच मांडले. आपल्या घरांत हे भांडण रोजचे आहे. संडास घरात हवा, स्वयंपाकघरात उजेड हवा, म्हाताऱ्या माणसाला उंच उंबरा नको. वापर थांबला की शाकारणी थांबते, म्हणून इथे वापराच्या मूल्यालाच झुकते माप दिले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या बाजूला न्हाणीघर काढले म्हणून घर बाटत नाही. खांब कापून मोठी खोली केली तर मात्र घर मरते.

दुसरा वाद अस्सलपणाचा. शंभर वर्षांत अर्धे वासे बदलले, तर घर जुने राहिले का? युरोपातून आलेला विचार मूळ साहित्याला फार जपतो. जपानमधले इसे येथील देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधले जाते, आणि तरी ते प्राचीन मानले जाते. १९९४ मध्ये नारा येथे झालेल्या परिषदेने कबूल केले की अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या मापानेच ठरवावा लागेल. आपल्या इन्टॅक संस्थेच्या २००४ च्या सनदेने असंरक्षित वास्तूंसाठी जिवंत कारागिरीला आणि जीर्णोद्धाराच्या परंपरेला मान दिला. इकोमॉस या जागतिक संस्थेने लाकडी वास्तूंच्या जतनाची नवी तत्त्वे स्वीकारली ती २०१७ मध्ये आपल्याच दिल्लीत. बदली तुकडा शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा असावा, सांध्याची पद्धत तीच असावी आणि दुरुस्तीसाठी योग्य झाडांची राखीव वने असावीत, असे ती सांगतात.

शेवटची सूचना आपल्याकडे सर्वांत अवघड. खासगी जमिनीतला साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, वाहतुकीला वन खात्याचा परवाना लागतो. नवा साग महाग आहे आणि लवकर वाढवलेला असल्याने जुन्याच्या तोडीचा नसतो. परिणाम असा की एका जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी उत्तम लाकूड मिळायचे तर दुसरे जुने घर पडावे लागते. ते पडले की त्याचे लाकूड मात्र गावात राहत नाही, फर्निचरच्या बाजारांत जाते आणि तिथे त्याची मेजे होतात. पडणाऱ्या घराचे लाकूड आधी पंचक्रोशीतल्या दुरुस्तीला मिळावे, अशी एखादी सहकारी वखार इथे का असू नये? पालघरमध्ये मच्छीमारांनी आणि बागायतदारांनी सहकारी संस्था चालवल्या आहेत, त्यांना हे नवे नाही.

सुतार कमी झाले, हे खरे. पण पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांची तरतूद आहे. त्या प्रशिक्षणात खांबाचा पाय सांधणे, तुळई टेकूवर तोलून धरणे, वाळवी ओळखणे हे शिकवले गेले तर काम मिळायला वेळ लागणार नाही.

घर पडण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र ना वाळवी ना कायदा. ते वाटण्यांचे आहे. एका घराला बारा-पंधरा वारस, त्यांतले बहुतेक मुंबई, विरार, वसईला, एखादा परदेशी. खर्च कोणी करायचा हे ठरत नाही, म्हणून शाकारणी होत नाही. गणपतीत कुलूप उघडते, पुन्हा लागते. मग गळतीच्या जागी निळी ताडपत्री येते, पुढे पत्रा येतो आणि शेवटी जमीनच विकली जाते. १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत गेली. सफाळे आणि केळवे रोड मुंबईच्या उपनगरी वेळापत्रकात आले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. आता बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होत आहे, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. उपनगर या किनाऱ्याकडे चालत येत आहे. याआधी तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. गावे उठली की घरांची मोजदाद भरपाईपुरती होते, आणि तिथेही लाकडी घराचे मोल घसाऱ्यानेच ठरते.

घरे वाचवण्याचे जे मार्ग सुचवले जातात त्यांपैकी दोन मला अपुरे वाटतात. एक, घर सोडवून दुसरीकडे उभे करणे. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली जुनी घरे अशी नेऊन जपली आहेत आणि काम उत्तम आहे. लाकडी सांगाडा सुटा होतो म्हणून हे जमते. पण वाडी, विहीर, शेजारची पडवी यांच्यापासून तुटलेले घर संग्रहालयाचे होते. ज्या घराचे पाडणे अटळच आहे त्याच्यासाठीच हा मार्ग ठेवावा. दुसरा, पर्यटन. राज्याची निवास-न्याहारी योजना चांगली आहे, केळव्याला शनिवार-रविवारी गर्दीही असते. ज्या घरात कुटुंब राहते त्याला या उत्पन्नाचा आधार व्हावा. पूर्ण घर पाहुण्यांसाठी सजवले की पहिली कुऱ्हाड माजघरावर पडते, हे इतरत्र पाहायला मिळाले आहे.

मग आधी काय? मला वाटते, नोंद. जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. झाडे, मासे, बियाणे यांची माहिती गावकऱ्यांकडून लिहून घेतली जाते. त्याच धर्तीवर घरांची नोंदवही करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरे. त्यात मोठ्या घरांबरोबर कोळीवाड्यातली घरे हवीत. किती खण, खांब कशाचे, सांधे कसे, तळखडे शाबूत आहेत का, कुठला वासा कधी बदलला आणि कोणत्या सुताराने, लाकूड कुठून आल्याचे घरात सांगतात, वारस किती, हे लिहावे. वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी मोजमापाची रेखाचित्रे करून देऊ शकतात, त्यांना अभ्यासक्रमात तसे काम लागतेच. नोंद झालेल्या आणि शाकारणी चालू असलेल्या घराला घरपट्टीत काही सूट द्यावी, म्हणजे वारसांतला जो कोणी खर्च उचलतो त्याच्या हाती भांडायला एक कागद येईल. सवलतीची रक्कम लहान असली तरी चालेल. दप्तरात घसाऱ्याच्या शेजारी दुसरा एक आकडा आला, एवढाच बदल पुष्कळ आहे.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. त्याच महिन्यात कौले उतरतात आणि आढ्यापासून तळखड्यापर्यंत सगळा सांगाडा उघडा पडतो. मोजायला तीच वेळ चांगली.